बालआरोग्याची नियतकालिके : खर्चाच्या एका लहान बाबीविषयी

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



या सभेत प्रशासकाने जमाखर्चाचे निवेदन करावे, अशी आपल्याकडे प्रथा आहे. ताळेबंद, उत्पन्न-खर्च पत्रक आणि लेखापरीक्षकांचा अहवाल याच पुस्तिकेत अन्यत्र छापलेला असल्याने ते आकडे पुन्हा वाचून दाखवत नाही. अध्यक्षांच्या अनुमतीने आज मी खर्चाच्या एकाच बाबीविषयी बोलणार आहे. पत्रकात ती ‘ग्रंथालय व नियतकालिके’ या शीर्षाखाली सापडेल. रक्कम इतकी लहान की आपल्यापैकी बहुतेकांची नजर तिच्यावरून घसरून पुढे गेली असेल. मात्र अंदाजपत्रकाच्या बैठकीत तिच्यावर जेवढी चर्चा झाली, तेवढी क्ष-किरण यंत्राच्या दुरुस्तीवरही झाली नाही.

चर्चेचे कारण असे. बालरुग्ण विभागाने दोन गोष्टी मागितल्या आहेत. पहिली, बालआरोग्याला वाहिलेल्या संशोधन-नियतकालिकांची वर्गणी पुढे चालू ठेवावी. दुसरी, विभागातील केसपेपर नीट लावून त्यांची नोंद ठेवण्यासाठी एक पूर्णवेळ कर्मचारी नेमावा. यावर आपल्या एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले की, ज्या पैशात गरिबाच्या मुलाला औषध मिळू शकते, तो पैसा धर्मादाय संस्थेने इंग्रजी मासिकांवर आणि जुन्या कागदांवर का घालवावा? प्रश्न रास्त आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर; वैद्यकातले मला जे कळते ते डॉक्टरांच्या सहवासाने कळते. प्रत्येक रुपयाला ‘कशासाठी?’ असे विचारणे हाच माझा व्यवसाय. म्हणून या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांवर न सोपवता मी स्वतः द्यावे, असे मला वाटले.

संशोधन-नियतकालिक हे आपण घरी घेतो त्या मासिकासारखे नसते. डॉक्टर किती मुलांना कोणता उपचार दिला, तो कसा दिला, किती मुले बरी झाली आणि किती दगावली, हे ठरावीक पद्धतीने लिहून संपादकांकडे पाठवतात. संपादक ते लेखन त्या विषयातील दोन-तीन जाणकारांकडे तपासणीस देतात. त्या जाणकारांची नावे लेखकाला सहसा कळत नाहीत आणि या कामाचे त्यांना मानधनही बहुधा मिळत नाही. ते शंका काढतात, आकड्यांचा मेळ विचारतात, तुलनेसाठी घेतलेली मुले खरोखर तुलनेस योग्य होती का हे पाहतात. अनेक लेख इथूनच परत जातात. छापून आल्यावरही देशोदेशीचे डॉक्टर पत्रे लिहून त्यातील उणिवा दाखवतात, आणि ती पत्रेही छापली जातात. लेखापरीक्षणाशी याचे साम्य मला जवळचे वाटते, पण एक भेद सांगितला पाहिजे. लेखापरीक्षक मूळ व्हाउचर तपासतो. नियतकालिकाच्या परीक्षकासमोर बहुधा लेखकाने दिलेली तक्तेच असतात. मूळ कागद रुग्णालयातच राहतात. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

आपल्या देशात बालकांच्या आजारांना वाहिलेले आद्य नियतकालिक १९३३ साली कलकत्त्यात निघाले. डॉ. के. सी. चौधुरी यांनी सुरू केलेले ते ‘इंडियन जर्नल ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स’. मुंबईत मुलांसाठी स्वतंत्र असे वाडिया रुग्णालय त्याच्या चारच वर्षे आधी, १९२९ मध्ये उघडले होते. लहान मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे आणि त्याच्या आजारांचा अभ्यास वेगळाच हवा, हा विचार तेव्हा नवा होता. पुढे कलकत्ता आणि मुंबई येथे बालरोगतज्ज्ञांच्या दोन स्वतंत्र संघटना झाल्या आणि दोघींची दोन नियतकालिके निघू लागली. १९६३ मध्ये संघटनांचे विलीनीकरण होऊन ‘इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स’ स्थापन झाली, आणि दोन्ही नियतकालिके मिटवून जानेवारी १९६४ पासून एकच काढले गेले. तेच ‘इंडियन पीडिअ‍ॅट्रिक्स’. संस्थांच्या कारभारात आयुष्य घालवलेल्या माणसाला या घटनेचे विशेष कौतुक वाटते. दोन संस्था एकत्र येणे ठरावात सोपे असते. आपापल्या मुखपत्राचे नाव सोडायला मात्र कुणी सहज तयार होत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. या नियतकालिकांनी मुलांना काय दिले? पुष्कळ उदाहरणे देता येतील. त्यांतले एक मी विस्ताराने सांगणार आहे, कारण ते आपल्या महाराष्ट्रातले आहे, आणि त्यातला गुन्हेगार आपल्यापैकी अनेकांच्या घरच्या फडताळात होता.

सभेतील साठीपुढच्या मंडळींना ‘बाळाचे लिव्हर वाढले’ हे शब्द आठवत असतील. सहा महिन्यांचे ते तीन वर्षांचे मूल, बहुधा खात्यापित्या घरचे. ते चिडचिडे होई. पोट मोठे दिसू लागे. तपासताना यकृताची कड हाताला टणक लागे. मग कावीळ, पोटात पाणी, आणि काही महिन्यांत शेवट. एकाच घरात एक मूल गेल्यावर दुसऱ्यालाही तेच होई. वैद्यकाच्या पुस्तकांत या रोगाचे नावच मुळी ‘इंडियन चाइल्डहुड सिरॉसिस’, म्हणजे भारतीय बालयकृतकाठिण्य असे पडले. घरोघर मात्र त्याला दैव म्हणत, दृष्ट म्हणत, कुळाचा शाप म्हणत. एका घरात दोन-तीन मुले गमावलेल्या सुनेच्या वाट्याला काय येत असेल, याची कल्पना इथे बसलेल्या भगिनींना माझ्याहून अधिक असेल.

या रोगाचे वर्णन १८८७ साली कलकत्त्यातील एका वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. त्यानंतर जवळजवळ शतकभर डॉक्टर त्याच्या मागे होते. भावंडांत आढळतो म्हणून कुणी तो आनुवंशिक मानला. कुणी विषाणूवर संशय घेतला. १९७१ मध्ये भुईमुगावरील बुरशीच्या विषाकडे बोट दाखवणारा लेख आला. ‘इंडियन पीडिअ‍ॅट्रिक्स’च्या १९७२ आणि १९७३ च्या खंडांत या रोगाची सर्वेक्षणे आहेत. त्या सर्वेक्षणांनी कारण सापडले नाही. व्यवहारी माणूस म्हणेल की तो खर्च वाया गेला. मला तसे वाटत नाही. रोग कुठल्या घरांत दिसतो, कुठल्या वयात सुरू होतो, आईच्या दुधावरच्या अगदी तान्ह्या बाळात का आढळत नाही, हे छापील नोंदींतून हळूहळू स्पष्ट होत गेले. नंतर आलेल्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही.

१९७८-७९ च्या सुमारास ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात लागोपाठ लेख आले. या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण अतोनात वाढलेले आढळले होते. तांबे आले कुठून, हे परदेशातील प्रयोगशाळेत बसून कळणारे नव्हते. ते कळण्यासाठी या मुलांच्या स्वयंपाकघरात जावे लागणार होते. हे काम पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात झाले, आणि ते रुग्णालय आपल्यासारखेच देणग्यांवर चालणारे, धर्मादाय न्यासाचे आहे, हे मी मुद्दाम सांगतो. डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह आजारी मुलांच्या घरांची निरोगी मुलांच्या घरांशी तुलना केली. विचारायचे प्रश्न साधे होते. बाळाला वरचे दूध कधी सुरू केले? ते कशात तापवले? कशात ठेवले?

उत्तर १९८३ मध्ये छापून आले. आजारी मुलांना गाईम्हशीचे दूध लवकर सुरू झालेले होते, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेले, साठवलेले होते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेत कळकतो, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते. ताक, चिंचेची आमटी त्या कधी पितळेत ठेवत नसत. दुधाविषयी मात्र कुणाच्या मनात शंका आली नाही. पुढे १९८९ मध्ये प्रयोगाने दाखवले गेले की, पाण्यापेक्षा दूध पितळेतले तांबे फार अधिक ओढून घेते, कारण दुधातील केसीन या प्रथिनाला ते चिकटते. म्हणजे आई ज्या भांड्याला घासूनपुसून लख्ख ठेवत होती, ज्यात मायेने दूध आटवत होती, त्यातूनच ते विष बाळाच्या पोटात जात होते. गरीब घरात वरच्या दुधाला पैसे नसत, म्हणून तिथले मूल या एका आजारातून बहुधा सुटत असे.

दरम्यान उपचारांचाही शोध चालू होता. पेनिसिलामाइन या औषधाने शरीरातील तांबे बाहेर काढता येते. पुण्यातील या औषधाच्या चाचण्या १९८७ मध्ये ‘आर्काइव्ह्ज ऑफ डिसीज इन चाइल्डहुड’ या बालआरोग्याच्या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या, आणि १९९६ मध्ये त्याच नियतकालिकात, औषधाने वाचलेल्या मुलांचे पुढे काय झाले याचा वृत्तान्त आला. म्हणजे मुले बरी होऊन घरी गेल्यावरही वर्षानुवर्षे त्यांचा माग ठेवला गेला होता. केसपेपर जपल्याखेरीज हे कसे झाले असते, याचा विचार आपणच करावा.

१९९६ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये ऑस्ट्रियातून एक लेख आला. तिथल्या पश्चिमेकडील टिरोल या डोंगराळ भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ तान्ही व लहान मुले अशाच यकृतविकाराने गेली होती. तिथेही दूध तांब्याच्या भांड्यात तयार करण्याची रीत होती, आणि ती भांडी गेल्यावर रोग नाहीसा झाला. आल्प्सच्या खेड्यांतील त्या मृत्यूंचा उलगडा भारतातील मुलांवरील लेखांच्या आधाराने झाला. लेखाचा मथळा वाचून मी डॉक्टरांना दोनदा विचारले होते की, हे खरेच ऑस्ट्रियाचे आहे ना.

आज हा रोग दुर्मीळ झाला आहे. १९९२ मध्ये त्याच्या प्रतिबंधावरील लेखही प्रसिद्ध झाला. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांनी यात मोठा वाटा उचलला, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे. सगळे श्रेय लेखांना देणे हिशेबात बसणार नाही. शिवाय तांबे हे मूळ कारण की यकृत बिघडल्यानंतरचा परिणाम, यावर काही विकृतिशास्त्रज्ञांनी अगदी अलीकडे, २०१३ मध्येही, छापील मतभेद नोंदवला आहे. मला या मतभेदाने अस्वस्थ व्हायला होत नाही. ज्या वहीत विरोधी नोंदीला जागा आहे, त्या वहीवर विश्वास ठेवणे सोपे जाते.

इथे थोडे विषयांतर. हल्ली पितळेच्या आणि तांब्याच्या भांड्यांची हौस पुन्हा वाढली आहे. प्रदर्शनांतून ‘आरोग्यदायी’ म्हणून ती विकली जातात. घरात शोभेला ती अवश्य असावीत. परंतु तान्ह्या बाळाचे दूध त्यात तापवू नये आणि ठेवू नये, एवढे इथे बसलेल्या प्रत्येक आजीने आपल्या सुनेला सांगावे. या एका वाक्यामागे शंभर वर्षांचे कागद आहेत.

दुसरे उदाहरण परदेशातले असले तरी देणगीदारांसमोर मला ते सांगावेसे वाटते. १९४० च्या दशकात अमेरिकेत अपुऱ्या दिवसांची बाळे काचेच्या पेटीत ठेवून त्यांना भरपूर ऑक्सिजन देण्याची व्यवस्था मोठ्या रुग्णालयांत आली. यंत्रे महाग होती आणि देणारे उदार होते. १९४२ मध्ये बोस्टनच्या डॉ. टेरी यांनी अशा काही बाळांमध्ये एका नव्या प्रकारच्या अंधत्वाची नोंद छापली. पुढील सुमारे दहा वर्षांत जगभर अंदाजे १०,००० बाळे दृष्टी गमावून बसली, आणि त्यांतील बहुसंख्य उत्तम सोयींच्या रुग्णालयांतली होती. कारण अतिरिक्त ऑक्सिजन होते. ते सिद्ध करण्यासाठी वॉशिंग्टनच्या एका रुग्णालयात काही बाळांना कमी आणि काहींना अधिक ऑक्सिजन देऊन तुलना सुरू झाली, तेव्हा कमी ऑक्सिजनच्या बाळांची दया येऊन परिचारिका रात्री गुपचूप झडप वाढवत असत, अशी हकीकत त्या इतिहासात नोंदली गेली आहे. त्यांची करुणा खरी होती. तिने बाळाचे डोळे जात होते, एवढेच त्यांना ठाऊक नव्हते. १९५३ मध्ये १८ रुग्णालयांनी मिळून केलेल्या अभ्यासाने शंकेला जागा उरली नाही. त्यानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला, ऑक्सिजन नको तितका कमी केला गेला आणि बाळे दगावू लागली. तेही नियतकालिकांतील नोंदींमुळेच उघड झाले.

आपल्या नवजात शिशू कक्षात प्रत्येक बाळाच्या पायाला रक्तातील ऑक्सिजन मोजणारी लहानशी पट्टी का बांधतात, असे काही देणगीदारांनी पाहणीच्या वेळी विचारले होते. ती याचसाठी. आणि ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तज्ज्ञांकडून तपासून घ्या, असे घरी जाताना आपण बजावतो, तेही याचसाठी. घर लांब आहे, बाळ तर छान हसते आहे, म्हणून ही तपासणी पुढे ढकलू नये, ही नातेवाइकांना माझी हात जोडून विनंती आहे.

यंत्राला देणगी मिळते, कारण त्यावर नाव कोरता येते. याविषयी माझी मुळीच तक्रार नाही. त्या पाट्यांवरच आपली इमारत उभी आहे. परंतु यंत्र किती चालवावे आणि कधी थांबवावे, हे यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत नसते.

कधी कधी तर यंत्राहून स्वस्त उपाय सापडतो. बाळाला आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून तासन् तास ठेवण्याची ‘कांगारू माता पद्धत’ कोलंबियातील बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. तिथे पेट्या कमी आणि बाळे जास्त होती. आपल्याकडे हा गरिबांचा नाइलाजाचा उपाय समजला गेला असता. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. सुमन राव, डॉ. रेखा उदानी आणि डॉ. रुची नानावटी यांनी २००० ग्रॅमहून कमी वजनाच्या २०६ बाळांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन समान गट केले. एका गटाला कांगारू पद्धत, दुसऱ्याला नेहमीची व्यवस्था. निष्कर्ष २००८ च्या ‘इंडियन पीडिअ‍ॅट्रिक्स’मध्ये आला. कांगारू गटातील बाळांचे वजन दिवसाला सरासरी सुमारे २४ ग्रॅमने वाढले, दुसऱ्या गटाचे सुमारे साडेपंधरा ग्रॅमने. शरीर गार पडणे, रक्तातील साखर उतरणे, जंतुसंसर्ग हे सारे कांगारू गटात कमी. अभ्यासाच्या अखेरीस केवळ आईच्या दुधावर असलेली बाळे त्या गटात ९८ टक्के होती आणि दुसऱ्यात ७६ टक्के.

आपल्या कक्षातील मातांसाठी असलेल्या आरामखुर्च्या या लेखानंतरच्या आहेत. नवजात शिशू कक्षात आईला दिवसभर बसू देण्यास पूर्वी सर्वत्रच विरोध असे. जंतू येतील अशी भीती वाटे. छापील आकडे हाती असले की असा विरोध लवकर मावळतो, हा प्रशासक म्हणून माझा अनुभव आहे. खुर्चीची किंमत मी इथे सांगत नाही. कोषाध्यक्षांना ती माहीत आहे.

बाह्यरुग्ण विभागात टांगलेल्या वाढीच्या तक्त्यांची गोष्टही अशीच. आपल्या पाच ते अठरा वर्षांच्या मुलांची उंची आणि वजन पाश्चात्त्य मुलांच्या मापाने मोजावे का, हा जुना वाद. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील १४ शहरांमधील मुलांच्या मोजमापांवरून नवे तक्ते तयार केले; ते २०१५ मध्ये याच नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि अ‍ॅकॅडमीने स्वीकारले. त्यांत लठ्ठपणाची रेषा भारतीय शरीराच्या मानाने खाली घेतलेली आहे. ‘आमचा मुलगा गुटगुटीत आहे, तुम्ही त्याला लठ्ठ कसे म्हणता?’ असा वाद घालणाऱ्या पालकांना डॉक्टर बोटाने दाखवतात तो हाच तक्ता.

आता दुसरी बाजू. छापले म्हणजे खरे, असे मुळीच नाही. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’सारख्या मातब्बर नियतकालिकाने अवघ्या १२ मुलांवर आधारलेला एक लेख छापला. त्यात गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवला होता. लेख २०१० मध्ये पूर्णपणे मागे घेतला गेला. त्यातील माहितीच विपर्यस्त होती. मधल्या बारा वर्षांत पालकांनी लशी टाळल्या आणि गोवर परत आला. त्या लेखाची भीती आजही आपल्या लसीकरण कक्षात भ्रमणध्वनीवरून येऊन पोचते. आणखी एक चिंता अलीकडची. पैसे भरा, आठवड्यात लेख छापून घ्या, अशी दुकाने नियतकालिकाच्या नावाखाली आपल्या देशातही निघाली आहेत. आमच्या डॉक्टरांना त्यांचे निरोप रोज येतात. बनावट पावतीपुस्तक छापणाऱ्याहून यांच्याविषयी माझे मत वेगळे नाही. म्हणूनच वर्गणी कोणत्या नियतकालिकाची घ्यायची, हे ठरवण्याचे काम मी वरिष्ठ डॉक्टरांच्या समितीकडे दिले आहे, आणि जे महाजालावर विनामूल्य वाचता येते, त्यासाठी एक पैसाही द्यायचा नाही, असा दंडक घातला आहे. अनेक नियतकालिकांचे बरेच जुने अंक तसे उपलब्ध असल्याने वर्गणीची रक्कम यंदा खालीच आली आहे.

उरला केसपेपरांचा कर्मचारी. मघाशी मी म्हटले की, मूळ कागद रुग्णालयातच राहतात. नियतकालिकातला प्रत्येक आकडा कुठल्या तरी रेकॉर्ड रूममधल्या केसपेपरवर उभा असतो. आपल्याकडे ताप, जुलाब, न्यूमोनिया, कमी वजनाची बाळे, सर्पदंश, जळालेली मुले, सारे येतात. परिसरातील खेड्यांचे आरोग्य आपल्या कागदांत लिहिलेले आहे. परंतु ते गठ्ठ्यांत आहे. गेल्या पावसाळ्यात कुठल्या गावातून किती मुले जुलाबाने आली, असे डॉक्टरांनी विचारले तर चार दिवस गठ्ठे सोडावे लागतात. तोवर त्या गावच्या विहिरीचे पाणी मुले पीतच असतात. या नेमणुकीतून एखादा लेख निघेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. निघाला तर आनंद आहे. विहिरीचे उत्तर चार दिवसांऐवजी एका दुपारी मिळेल, हे मात्र मी हिशेबनीसाच्या खात्रीने सांगतो.

नातेवाइकांच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे: आमच्या मुलाचा कागद कोण वाचणार, आणि त्याच्यावर काही प्रयोग तर होणार नाही ना? मुलाचे नाव, गाव किंवा छायाचित्र रुग्णालयाबाहेर जाणार नाही. उपचारांचा कोणताही अभ्यास करायचा झाल्यास आधी नैतिक समितीची मंजुरी आणि नंतर पालकांची लेखी संमती लागेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात वर्षांवरील मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याचाही होकार घ्यावा लागतो, आणि बारा वर्षांवरील मुलाचा होकार लेखी हवा. नकार दिल्याने उपचारात तसूभरही फरक पडणार नाही. हे सर्व मराठीत छापून बाह्यरुग्ण विभागाच्या भिंतीवर लावण्यात येईल. ज्यांना वाचता येत नाही त्यांना समाजसेवा विभागाच्या ताई वाचून दाखवतील.

विश्वस्त मंडळाने या दोन्ही तरतुदींवरचा निर्णय पुढील बैठकीवर ठेवला आहे. ज्येष्ठ विश्वस्तांनी सुचवल्याप्रमाणे, नेमणूक केल्यास ती प्रथम दोन वर्षांपुरती असावी, आणि त्या काळात नोंदींचा डॉक्टरांनी किती वेळा व कशासाठी उपयोग केला याची वही ठेवून ती मंडळापुढे मांडावी, अशी दुरुस्ती मी ठरावाच्या मसुद्यात केली आहे. औषध निधीला या खर्चाचा स्पर्शही होणार नाही. तो सर्वसाधारण निधीतून व्हायचा आहे. ज्या देणगीदारांना याच कारणासाठी रक्कम द्यावयाची असेल, त्यांनी पावती घेताना ‘नोंदणी व ग्रंथालय’ असा उल्लेख करून घ्यावा, म्हणजे ती वेगळ्या खात्यात जमा होईल. ग्रंथालय पहिल्या मजल्यावर, क्ष-किरण विभागाशेजारी आहे. ते डॉक्टरांपुरतेच नाही; आपणांपैकी कुणालाही ते पाहावेसे वाटल्यास कार्यालयीन वेळेत अवश्य यावे. जुने खंड खालच्या कपाटात आहेत, आणि किल्ली माझ्या टेबलाच्या खणात असते.